वळणावरची कुरकुर

३ फेब्रुवारी, सोमवार

नातीबाई, ही रोजनिशी तू वाचायची नाहीस हे तुला निघताना सांगितलं होतं. पण तू छत्री विसरतेस, चार्जर विसरतेस, होस्टेलवर पोचल्यावर फोन करायचं विसरतेस, तेव्हा हेही विसरली असशील. म्हणून पहिल्याच ओळीत पुन्हा सांगते. वाचू नकोस. मिटव.

बाकी कुणाची भीती नाही. मला अक्षर ओळखता येत नाही, त्यामुळे ही रोजनिशी माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित आहे. मी बोलते, फोन लिहितो, तारीख स्वतःच टाकतो. नातीनं बटणावर लाल कागद चिकटवून दिलाय. सावकाश बोल म्हणाली होती. मी मोठ्यानं बोलते. मोठ्यानं बोललेलं यंत्राला नीट कळतं. माणसांनाही.

आज दुपारभर फोनची ट्रायल घेतली. मग तहान लागली म्हणून खाली गेले. वर माझ्या खोलीत पाण्याचा जग भरलेला होता, पण खालचं पाणी जास्त गार असतं. जाता जाता वळणावरच्या पायरीनं असा काही आवाज काढला की बस. कुर्रर्र.

सूनबाई खोलीतून बाहेर आली. ती नर्स, सध्या नाइट ड्युटी, दिवसा जिन्याशेजारच्या खोलीत झोपते. डोळे लाल. एका बाजूचे केस चप्पट. आई, काही हवंय का, एवढं विचारलं आणि चहा ठेवला.

माझा हात तेव्हा बिस्किटांच्या डब्यावर होता. डॉक्टरनं साखर बंद केलीय. डबा फक्त सरकवत होते.

चहा नकोसा झाला. तरी प्यायले, टाकायचा कसा.

संकल्प: जिना मी स्वतः दुरुस्त करणार. कुणाला न सांगता. रविवारच्या आत. सुनेनं एक दिवस उठून म्हणावं, आज काय छान झोप लागली. आणि मी म्हणावं, हो का.

मुलाला सांगण्यात अर्थ नाही. तो लिफ्टचा मेकॅनिक. सगळ्या शहराला वर-खाली नेतो आणि स्वतःच्या घरचा जिना गेली कित्येक वर्षं "बघतो".

४ फेब्रुवारी, मंगळवार

टाल्कम पावडर. फटींमध्ये भरायची, म्हणजे लाकडाला लाकूड घासत नाही. ही माझीच कल्पना. डबा सुनेचा होता, पण काम तिच्याचसाठी आहे.

वळणावरच्या पायरीला सढळ हातानं लावली. मग उरलेली इतर पायऱ्यांना. जिना गुलाबासारखा दरवळतोय.

५ फेब्रुवारी, बुधवार

घरभर पांढरी पावलं. स्वयंपाकघरात, बाथरूमच्या दारात, एक फ्रिजपर्यंत जाऊन परत आलेलं. त्या पावलाचा आकार माझ्या पायाशी जुळतो असं मुलाचं म्हणणं. मी म्हटलं, सगळ्यांचे पाय सारखेच असतात.

सुनेच्या ड्युटीच्या काळ्या बुटांवर पावडर बसली. तशीच हॉस्पिटलात गेली. तिथल्या सिस्टरनं टोकलं म्हणे. घरी येऊन तिनं फरशी पुसली, मग झोपली. मी वर बसून पुसण्याचा आवाज ऐकला. मला ऐकू उत्तम येतं. लोकच हल्ली हळू बोलतात.

वाईट वाटलं. खाली जाऊन मदत करावी असं वाटलं, पण जिना वाजला असता. म्हणून गेले नाही. तिच्या झोपेसाठीच.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस काही केलं नाही. पश्चात्ताप करायलाही वेळ लागतो.

आज मेणबत्ती. पावडरीचा दोष असा की ती उडते. मेण बसतं. वळणावरच्या पायरीवर आडवं, उभं, पुन्हा आडवं घासलं. आरशासारखी झाली. कुरकुर निम्म्यावर आली, असं मला तरी वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगा घसरला. वळणापासून तळापर्यंत बसूनच गेला. सून धावत आली, त्याची कंबर चेपली, बर्फ लावला, म्हणाली, जपून चालत जा हो. तो म्हणाला, नवे मोजे आहेत, गुळगुळीत आहेत. मी वरून म्हटलं, मोजे घरात घालायचेच कशाला.

हे म्हणायला नको होतं. पण म्हणून झालं होतं.

त्यानं मोजे कचऱ्यात टाकले. चांगले होते. मी काढून धुऊन ठेवलेत. योग्य वेळी देईन.

संध्याकाळी सुनेनं पायरीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मऊ उपाय पुरे. खिळा.

हातोडी मुलाच्या पेटीतली. आवाज होऊ नये म्हणून तिला टॉवेल गुंडाळला. वेळ दुपारची निवडली, कारण सून गाढ झोपलेली असते, म्हणजे तिला त्रास नाही.

पहिल्या ठोक्याला खिळा वाकला. दुसऱ्याला माझा अंगठा. तिसऱ्याला सून बाहेर आली. तिनं हातोडी माझ्या हातातून घेतली, अंगठा नळाखाली धरला, पट्टी बांधली. पट्टी बांधताना तिला जांभई आली. ती जांभई अजून माझ्या अंगावर आहे.

खिळा अर्धा आत, अर्धा बाहेर. मान वाकडी करून बघतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपार

आज सुनेची सुट्टी. ती बाजारात गेलीय, म्हणून जरा मोकळेपणानं बोलते. दार उघडंच ठेवलंय, वारा येतो.

वळणावरच्या पायरीचं काय करायचं ते नक्की ठरलं.

ती पहिल्यासारखी राहिली नाही. नवी होती तेव्हा चकार शब्द नाही. आता जरा भार पडला की कुरकुर. तोंडावर गप्प, पाठ वळली की पुन्हा सुरू. घाईत आणली, स्वस्तात मिळाली म्हणून आणली. तेव्हाच नीट ठोकून-वाजवून पाहायला हवी होती. पातळ निघाली. आतून पोकळ असणार.

आजवर गोडीगुलाबीनं घेतलं. अंगाला पावडर लावून झाली, सगळे लाड झाले. ऐकणाऱ्यातली नाही. मुलाशी बोलून उपयोग नाही, त्याला तिची सवय झालीय. त्याला ती कुरकुर ऐकूच येत नाही.

आता दयामाया नाही. उपटायची. मागच्या दारी ठेवून द्यायची, येणाऱ्या-जाणाऱ्यानं कुणी नेली तर नेली. आणि नवी आणायची. चांगली जाडजूड. या वेळी मी स्वतः बघणार, मुलावर सोडायचं नाही.

हे बोलत असतानाच जिना वाजला. आवाज खालून वर आला, वळणापर्यंत. तिथे थांबला. बराच वेळ काही नाही. मग हळूहळू खाली गेला. वर कुणीच आलं नाही. लाकडाचं असंच, ऊन तापलं की आपलं आपण वाजतं. बघा म्हणजे, कुणाचं पाऊल नसतानाही कुरकुर.

नंतर: वळणावर चहाचा कप सापडला. गार, वर साय. सून बाजारातून कधी आली कळलंच नाही. इथपर्यंत आणून ठेवला आणि विसरली. नात विसराळूपणात कुणावर गेलीय ते आज कळलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जिना गप्प. सकाळपासून एकदाही वाजला नाही. परवाचा अर्धा खिळा शेवटी लागू पडलेला दिसतो. औषधासारखं आहे, गुण यायला वेळ लागतो.

सूनही गप्प. चहा मुलगा घेऊन आला. लांब टांगा टाकतो, वळणावर पाय ठेवतच नाही. साखर घालायला विसरला, म्हणजे न विसरता घातली नाही. विचारलं, सून कुठाय. म्हणाला, कपडे आवरतेय.

कपडे आवरणं चांगली सवय आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सून बॅग घेऊन बहिणीकडे गेली. बहिणीचं घर हॉस्पिटलला लागून. नाइट ड्युटी संपेपर्यंत तिथूनच जाते, झोप नीट होईल, असं म्हणाली. मी कठड्याला धरून वर उभी होते. ती जिन्याच्या तळाशी.

"जाते, आई," म्हणाली.

या घरात आल्यापासून, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली तरी ती "येते" म्हणते. घाईत शब्द चुकला असेल. मी दुरुस्त केला नाही. आता वाटतं, करायला हवा होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

झोप नीट होईल म्हणाली. म्हणजे इथे होत नव्हती. म्हणजे जिना. म्हणजे, थोडीफार, मी.

फार नाही. थोडीफार.

आज मी एकदाही खाली गेले नाही. आता न जाऊन काय फायदा, हे वेगळं. खालच्या खोलीत कुणी झोपलेलं नसताना जिना कितीही वाजला तरी चालला असता. पण जावंसंच वाटलं नाही. बिस्किटांसाठीसुद्धा.

एक गोष्ट लक्षात आली. मुलगा अचानक दारात उभा राहिला आणि मी दचकून चष्मा पाडला. पूर्वी वळण वाजलं की कळायचं. भराभर वाजलं की सून चहा घेऊन येतेय, कप सांभाळत. थांबून थांबून वाजलं की ड्युटीवरून दमून आलीय, तरी वर येऊन विचारणार, आई, रात्री गोळी घेतलीत ना.

गोळी मी घेतलेली नसायची. मी हो म्हणायचे. तिला कळायचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संकल्प: चूक माझी, निस्तरणार मी. जिना पूर्ण गप्प करायचा, मग तिला मानानं बोलवायचं. चावी लावलेलं कुलूप जसं उघडतं तशी ती परत येईल.

नाक्यावरच्या सुताराला बोलावलंय. कानाला पेन्सिल, खिशात टेप. बोलायला गोड. पायरीवर उभा राहून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, आजी, तासाभराचं काम. असा जिना करून देतो की मांजरसुद्धा तुमच्यापेक्षा जास्त आवाज करेल.

अशा माणसाची मला गरज होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुतार आला. मुलगा कामावर. मी वर खुर्ची टाकून देखरेख केली. देखरेखीशिवाय सुतार काम करत नाही.

वळणावरची पायरी त्यानं पटाशी घालून उपटली. मग म्हणाला, हिची शेजारीणही सैल आहे. मग तिची शेजारीण. वळणावरच्या सगळ्या निघाल्या. मी म्हटलं, निघू देत, पुन्हा पुन्हा कटकट नको. मापाला लागतील म्हणून जुन्या फळ्या काखेत मारल्या आणि म्हणाला, नवं लाकूड कापून आणतो, आलोच.

तो खालच्या बाजूला होता. मी वरच्या.

ही गोष्ट तो गेल्यावर लक्षात आली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सुताराच्या करवतीची मोटर जळाली. उद्या येतो म्हणाला.

मी वर. बाथरूम वर आहे हे देवाचे उपकार. मुलगा भिंतीला धरून लांब टांगेनं येतो-जातो. मला तेवढी टांग नाही. शिडी लावतो म्हणाला. मी म्हटलं, या गुडघ्यांवर शिडी चढायची तर आधी गुडघ्यांना शिडी लाव. फळी आडवी टाकतो म्हणाला. फळीवरून सर्कशीतले लोक चालतात.

शेवटी त्यानं कठड्याला कप्पी बांधली, दोरी ओवली, भाजीची टोपली अडकवली. लिफ्टचं शिक्षण पहिल्यांदाच घरात कामी आलं. खालून जेवण चढतं, वरून भांडी उतरतात. आज टोपलीत आलं ते उकडलेलं अंडं आणि साधा टोस्ट. टोस्ट असा कोरडा की त्यानंच पायरी केली असती तरी चाललं असतं.

तक्रार नाही. माझ्या कर्माची फळं. फळंही पाठवली नाहीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नातीचा फोन. स्वतःहून केला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

विचारलं, आजी, तू आईला काय बोललीस. मी म्हटलं, आठवडाभर तिच्याशी बोलणंच झालं नाही. नात म्हणाली, आई रडत होती. म्हणत होती, आजीला जुनी नकोशी झालीय. मागच्या दारी ठेवून देणार आहेत, कुणी नेली तर नेली. नवी आणणार आहेत, जाडजूड.

मी म्हटलं, काय जाडजूड.

नात म्हणाली, सून, आजी. नवी सून.

मी बसले. बसलेलीच होते, पण पुन्हा बसले.

नात सांगत राहिली, आई बाजारातून लवकर आली होती त्या दिवशी. तुला चहा घेऊन वर येत होती. वळणापर्यंत आली आणि सगळं ऐकलं. स्वस्तात आणली. पातळ निघाली. आतून पोकळ.

पोरी, ती पायरी, मी म्हटलं. पायरीबद्दल बोलत होते मी. नातीनं दोनदा विचारलं, पायरी? मग हसायला लागली. हसू थांबेना. मग म्हणाली, आजी, हे आईला तू स्वतः सांग.

सांगीनच. आत्ता खाली जाऊन.

टोपलीकडे पाहिलं. टोपली मला पेलणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुनेला फोन करायचा ठरवला. फोन हातात घेतला. ठेवला. पुन्हा घेतला. फोनवर अशा गोष्टी नीट कळत नाहीत. त्यातून ती ड्युटीवर असेल. नसेल तर झोपलेली असेल. तिची झोप मोडायची नाही हाच तर मुद्दा आहे सगळा.

म्हणून मुलाला पाठवलं. निरोप सोपा दिला: आई जे बोलली ते पायरीविषयी होतं.

तो जाऊन आला. तोंड पाडून. मी विचारलं, सांगितलंस ना नीट. म्हणाला, शब्दन् शब्द. तिला म्हटलं, आई तुझ्याविषयी नाही, पायरीविषयी बोलत होती. त्यावर ती म्हणाली, हो, माझी पायरी मला त्याच दिवशी कळली.

मी कपाळाला हात लावला. मग म्हणालास काय, विचारलं. म्हणाला, मी म्हटलं, तेच तर आई म्हणतेय.

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. लोक त्यात बसतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुताराचा फोन. दुकानात घोटाळा झाला. आमच्या जुन्या फळ्या त्याच्या माणसानं चुकून दुसऱ्याच घरच्या जिन्याला बसवल्या. आता काढता येणार नाहीत, रंगही मारून झाला. आजी, काळजी नको, तिथे अगदी छान बसल्यात म्हणाला. एक आवाज करत नाहीत.

आवाज करत नाहीत, मी विचारलं. वळणावरचीसुद्धा?

म्हणाला, ती तर सगळ्यात गप्प.

फोन ठेवला तेव्हापासून तेच डोक्यात आहे. लाकूड तेच. मान वाकडी करून बघणाऱ्या खिळ्याचं भोकही तेच. इथेच वाजायची.

सून बहिणीकडे झोपत असेल का नीट. हसत असेल का. तिथे तिला कुणी वळणावरून मागे फिरायला लावत नसेल.

एक गोष्ट इथे बोलून ठेवते, ऐकणारं कुणी नाही म्हणून. त्या दिवशी मी पायरीबद्दलच बोलत होते, याची शपथ घेईन. पण पायरीबद्दल बोलायला इतके शब्द तयार कुठून आले? तोंडावर गप्प आणि पाठ वळली की सुरू. मुलाला तिची सवय झालीय. कुठली पायरी तोंडावर गप्प असते? पाठ असते का पायरीला?

नको. पायरीबद्दलच बोलत होते.

बहुतेक.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

सून आली. ड्युटीवरून थेट. मी वर अडकलेय हे तिला मुलानं काल सांगितलं. इतके दिवस त्याला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

जिन्याच्या भगदाडाखाली येऊन उभी राहिली. खांद्याला पर्स, पायात काळे बूट, डोळे लाल. मी वरच्या शेवटच्या पायरीवर बसले. मध्ये वळण नव्हतंच, नुसतं भोक. त्यातून एकमेकींकडे बघितलं.

तिनं विचारलं, गोळ्या. मी म्हटलं, घेतल्या. तिनं तशीच नजर ठेवली. मी म्हटलं, कालची राहिली.

मग तिनं त्या दिवसाचं काढलं. एकेक करून, वॉर्डात पेशंटला विचारतात तसं. आवाज चढवला नाही.

"स्वस्तात आणली म्हणालात."

पायरी गं, मी म्हटलं.

"पातळ निघाली."

पायरीच.

"मुलाला तिची सवय झालीय."

आता इथे पायरी म्हणायला तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. मी कठड्याच्या दांड्यावरची धूळ पुसली. मग पुढच्या दांड्यावरची. ती वाट बघत उभी. शेवटी म्हटलं, ते अर्धं पायरीचं होतं.

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. म्हणाली, बरं, उरलेलं अर्धं तरी खरं बोललात.

मी घाईनं मुद्द्यावर आले. म्हटलं, हे सगळं तुझ्या झोपेसाठी केलं. जिना वाजायचा, तू दचकून उठायचीस, मला ते बघवेना. ती माझ्याकडे असं बघायला लागली की मला वाटलं, पुन्हा काहीतरी बोलले.

"आई, मी कानात कापूस घालून झोपते. जिना मला कधीच ऐकू आला नाही."

मग उठायचीस का, मी विचारलं.

"तुमच्या रोजनिशीनं. ती कापसातूनही येते."

तीन तारखेलाही, म्हणाली. दुपारभर तुम्ही फोनला आपलं नाव सांगत होतात.

म्हणजे पावडर, मेण, मोजे, अंगठा, सुतार, हे भोक. आणि वाजत मी होते.

मला हसू आलं असतं, पण तिचे डोळे फार लाल होते. म्हटलं, जा, झोप आधी. बहिणीकडे जाणार असशील तर तिथे जाऊन झोप, मी काही म्हणणार नाही. पर्स खांद्यावरून काढून तिनं कठड्याच्या खुंटीला अडकवली. आधी काहीतरी खायला करते म्हणाली, तुमच्या मुलानं तुम्हाला टोस्टावर वाळवलेलं दिसतंय. स्वयंपाकघराकडे वळली आणि दारात थांबून म्हणाली, येते.

२४ फेब्रुवारी, सोमवार. थोड्या वेळानं

हळू बोलून पाहिलं. फोननं काहीच लिहिलं नाही. नुसता टिंब टिंब करत राहिला.

तेव्हा शेवटचं एकदा मोठ्यानं.

ही रोजनिशी माझी मी बोलतेय. दुसऱ्या कुणासाठी नाही. सूनबाई खाली ओट्यापाशी आहे, कानात अजून कापूस घातलेला नाही, हा तिचा प्रश्न. मी कुणाशीही बोलत नाहीये. फक्त नोंद करतेय की सून या घरात आली तेव्हा मीच तिला बघायला गेले होते, घाईत नाही, आणि ठोकून-वाजवून तर मुळीच नाही. पहिल्या नजरेत पसंत केली. ती कधीही पातळ निघाली नाही. पोकळ तर मीच, दुपारभर वाजत असते. ती गप्प राहते ते पाठीमागे कुरकुरायला नाही. दमलेली असते म्हणून. हे मला माहीत होतं. माहीत असून तसं बोलले.

चुकलं.

हा शब्द फोननं लिहिला की नाही मला वाचता येणार नाही. पण खाली भांड्याचा आवाज थांबला, म्हणजे पोचला.

सुतार उद्या येतो म्हणालाय. त्याला सांगणार, वळणावर नवी फळी बसव, पण एक खिळा कमी मार. कोण येतंय ते मला कळलं पाहिजे. रोजनिशी आजपासून बंद. लाल कागद काढून टाकला. म्हणजे हे बोलून झालं की काढेन.

टोपली खाली सोडलीय. तिच्यात मुलाचे धुतलेले मोजे आहेत, ते त्याला द्यावेत, जास्त चौकशी करू नये. टोपली वर पाठवताना टोस्ट नको. सूप पाठव, मिरपूड टाकून, कप झाकून. एक केळं. चहा, कमी साखरेचा असला तरी चालेल. आणि पिठाच्या डब्यामागे बिस्किटांचा डबा आहे, तो तूच तिथे लपवलायस, त्यातली दोन बिस्किटं. साखर लावलेली बाजू वर ठेव. डॉक्टरला सांगू नकोस. नातीलाही नको, ती एवढंच नेमकं लक्षात ठेवेल.